सामाईक मानकं ठरवायची तर आधी अर्ज पसरून बसा

अनेक खात्यांच्या ऑनलाइन सेवांसाठी एकच मानक तयार करायचं काम तुमच्याकडे आलं असेल, तर लगेच लिहायला बसू नका. समितीची पहिली बैठक बहुधा उद्दिष्टांच्या मसुद्यावर खर्च होते: सेवा नागरिककेंद्री हव्यात, सुलभ हव्यात, पारदर्शक हव्यात. याला कुणाचाच विरोध नसतो आणि म्हणूनच त्यातून काही बदलत नाही. मी वेगवेगळ्या खात्यांचे ऑनलाइन अर्ज सुरू होण्याआधी तपासते. समोर अर्ज उघडा असताना 'सुलभ हवा' या वाक्याचा मला काडीचाही उपयोग होत नाही. 'मोबाइल क्रमांक लिहिताना मध्ये जागा सोडली तरी तो स्वीकारला गेला पाहिजे' या वाक्याचा होतो, कारण ते तिथल्या तिथे करून बघता येतं. मानकातलं प्रत्येक वाक्य असं करून बघता आलं पाहिजे, आणि ते पाळलेलं नसेल तर सेवा थांबवायचा अधिकार कुणाकडे तरी असला पाहिजे. या दोन गोष्टींवर मी अडून बसते. बाकी सगळ्यात तडजोड चालते.

रकान्यांचा तक्ता

सगळ्या खात्यांचे चालू अर्ज गोळा करा आणि कागदावर छापून घ्या. स्क्रीनवर एका वेळी एकच अर्ज दिसतो. मोठ्या टेबलावर सगळे शेजारी शेजारी मांडले की विसंगती आपोआप दिसायला लागते. मग एक तक्ता करा. एका ओळीत एक रकाना: काय विचारलंय, कोणत्या स्वरूपात, किती अक्षरांची मर्यादा, कोणत्या कायद्याच्या किंवा नियमाच्या आधारे, आणि ही माहिती सरकारात दुसऱ्या कुणाकडे आधीपासून आहे का. शेवटचे दोन स्तंभ भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. अर्ज चालवणाऱ्या माणसांनाही बऱ्याचदा ती उत्तरं माहीत नसतात. तरी ते स्तंभ सोडू नका. ज्या रकान्याला कसलाच आधार सापडत नाही तो काढून टाकणं, हे या साऱ्या कामातलं सगळ्यात स्वस्त आणि लोकांना सगळ्यात जास्त उपयोगी पडणारं पाऊल आहे.

जन्मतारखेचंच बघा. एका अर्जात तिरप्या रेघा हव्या असतात, दुसऱ्यात आडव्या, तिसऱ्यात महिना यादीतून निवडायचा. चौथ्यात कॅलेंडर उघडतं आणि तेही चालू महिन्यावर. मागच्या बाणाशिवाय दुसरी सोय नसेल तर सत्तरीतल्या माणसाला आपल्या जन्माच्या महिन्यापर्यंत पोहोचायला आठशेच्या वर टिचक्या माराव्या लागतात. कॅलेंडर पुढच्या आठवड्यातली भेटीची वेळ निवडायला ठीक आहे, पाठ असलेल्या तारखेसाठी नाही. तिच्यासाठी दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे चौकोन द्या. ब्रिटनच्या सरकारी संकेतस्थळाची, गव्ह डॉट यूकेची, शिफारसही हीच आहे.

तक्ता पुरा होत आला की एक मोठी अडचण समोर येते. तिला पुरेसा वेळ द्या. वेगवेगळी खाती एकच शब्द वेगवेगळ्या अर्थांनी वापरत असतात. करखात्याच्या दृष्टीने पत्ता म्हणजे नोटीस कुठे बजावायची ती जागा. अनुदान देणाऱ्याला माणूस प्रत्यक्ष राहतो कुठे ते हवं असतं. परवाना देणाऱ्याला धंद्याची जागा हवी असते, मग मालक कुठेही राहो. 'कुटुंब' याहून अवघड: कुणी एका छपराखालचे मोजतो, कुणी एका चुलीवरचे, कुणी फक्त नवरा-बायको आणि अज्ञान मुलं. अशा वेळी 'आपण एकच व्याख्या करू' असा आग्रह होतो. तो मान्य करू नका. कायदे वेगळे असतील तर व्याख्या वेगळ्याच राहणार. मानकाने त्यांना वेगळी नावं द्यावीत. 'राहण्याचा पत्ता', 'पत्रव्यवहाराचा पत्ता', 'व्यवसायाच्या जागेचा पत्ता' अशी तीन नावं ठरली आणि प्रत्येक खात्याने आपल्याला कोणता हवा ते सांगितलं, की अर्धी भांडणं मिटतात. युरोपीय संघाच्या आंतरकार्यक्षमता चौकटीत, म्हणजे वेगवेगळ्या कार्यालयांच्या यंत्रणा एकमेकींशी जुळवून कशा चालाव्यात हे सांगणाऱ्या आराखड्यात, चार थर सांगितलेत: कायदेशीर, संघटनात्मक, अर्थाचा आणि तांत्रिक. तांत्रिक थरावर पैसा आणि माणसं सहज मिळतात. अर्थाच्या थरावर कुणी बसायला तयार नसतं, आणि माहितीची देवाणघेवाण नेमकी तिथेच अडते.

एस्टोनियाचं उदाहरण या संदर्भात नेहमी दिलं जातं. २००१ पासून तिथे एक्स-रोड ही व्यवस्था आहे. सगळी माहिती एका कोठारात न साठवता प्रत्येक कार्यालय आपापली नोंदवही सांभाळतं आणि गरज पडेल तसं एकमेकांना विचारतं. लोक एक्स-रोडचं सॉफ्टवेअर बघायला जातात. मी त्यांना आधी तिथला कायदा वाचायला सांगते: तीच माहिती गोळा करायला दुसरा वेगळा माहितीसंच उभारायला तिथे कायद्यानेच मनाई आहे. 'एकदाच विचारा', म्हणजे सरकारकडे असलेली माहिती पुन्हा मागू नका, हे तत्त्व नुसती घोषणा म्हणून लिहायचं असेल तर ते मानकात घालू नका. लिहायचंच असेल तर कोणती नोंदवही कोणत्या माहितीची अधिकृत मालक, याची यादी जोडा.

नावाचा रकाना

एका रकान्यासाठी मी वेळ मागून घेते, तो नावाचा. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव, तिन्ही सक्तीचे आणि 'फक्त अक्षरं चालतील' अशी अट. हा साचा इतका रूढ आहे की तो कुणाला खटकतच नाही. पण जगात एकच नाव लावणारी माणसं भरपूर आहेत. काहींच्या नावात टिंब असतं, काहींच्या नावात वरचं स्वल्पविरामचिन्ह किंवा जोडरेघ. दोन अक्षरी नावं असतात आणि चाळीस अक्षरांत न मावणारीही असतात. आडनाव नसलेला अर्जदार शेवटी तिथे एक टिंब किंवा वडिलांचं नाव टाकून पुढे जातो. तेच दाखल्यावर छापून येतं, आणि मग दोन दाखल्यांवरचं नाव जुळत नाही म्हणून त्याचा तिसरा अर्ज फेटाळला जातो. म्हणून नियम असा लिहा: पूर्ण नावासाठी एकच चौकोन द्यावा, वेगळे भाग कायद्याने लागत असतील तरच मागावेत आणि त्यांतला एकही भाग रिकामा सोडल्याने अर्ज अडू नये.

नाव आपल्या लिपीत घ्यायचं झालं की काम आणखी बारीक होतं. 'कऱ्हाडे' हे आडनाव घ्या. यातला अर्धा र संगणकावर तीन प्रकारे उमटू शकतो. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकात, ऱ या अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, तो आणि हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह. किंवा साधा र, खाली नुक्ता म्हणजे टिंब, मग हलन्त. किंवा साधा र, हलन्त आणि पुढे न दिसणारं एक जोडचिन्ह. तिन्ही स्क्रीनवर सारखेच दिसतात. तुम्ही, मी, कारकून, कुणालाही फरक कळणार नाही. यंत्राच्या लेखी मात्र ती तीन वेगळी आडनावं आहेत. एका खात्याच्या कळफलकावर पहिला प्रकार उमटला आणि दुसऱ्याच्या कळफलकावर तिसरा, की 'नाव जुळत नाही' असा शेरा येतो आणि अर्जदार कागद घेऊन हेलपाटे घालत राहतो. यावर उपाय आहे. साठवण्याआधी मजकुराला युनिकोडने ठरवून दिलेल्या एका प्रमाणरूपात आणावं. पहिले दोन प्रकार त्याने एक होतात. तिसरा होत नाही, त्यासाठी वेगळी ओळ लिहावी लागते. ती तुमच्या मानकात असायलाच हवी. आकड्यांचंही तसंच आहे. अर्जदाराने देवनागरी ५ लिहिलं काय आणि इंग्रजी 5 लिहिलं काय, दोन्ही स्वीकारून आत एकाच रूपात साठवणं हे यंत्राचं काम आहे. 'कृपया इंग्रजी आकडे वापरा' अशी सूचना दिसली की मी ती सेवा परत पाठवते.

वाक्य लिहिताना

सक्तीचं काय आणि शिफारस काय, हे मजकुरातच स्पष्ट हवं. इंटरनेटच्या तांत्रिक मानकांसाठी १९९७ मध्ये आरएफसी २११९ हा छोटासा दस्तऐवज निघाला. त्यात सक्ती, शिफारस आणि मुभा यांसाठी वापरायचे शब्द बांधून दिले. तुम्हीही सुरुवातीलाच तसं करा: 'केलंच पाहिजे', 'करावं', 'करता येईल'. चौथा प्रकार नको. 'शक्यतो', 'योग्य ती काळजी घेऊन', 'आवश्यकतेनुसार' हे शब्द मसुद्यात शोधून काढून टाका. ज्याला पळवाट हवी असते तो याच शब्दांचा आधार घेतो.

प्रत्येक नियमाला चार भाग ठेवा: नियम, कारण, तपासणी, सूट कुणाला. कारण लिहिण्याचा कंटाळा करू नका. दोन वर्षांनी बदलून आलेला अधिकारी 'हे कशाला' असं विचारेल तेव्हा उत्तर द्यायला तुम्ही तिथे नसाल. चूक दाखवण्याबद्दलचा नियम मी साधारण असा लिहिते:

*नियम: अर्जात चूक आढळल्यास भरलेली बाकीची माहिती जशीच्या तशी राहिलीच पाहिजे. चुकांची यादी पानाच्या वर आली पाहिजे आणि यादीतल्या प्रत्येक ओळीवरून त्या रकान्यावर जाता आलं पाहिजे. काय चुकलं आणि काय लिहायचं, दोन्ही सांगितलं पाहिजे.*

*कारण: माहिती पुसली गेली की लोक अर्ज अर्धवट सोडतात. चूक नुसती लाल रंगाने दाखवली तर तो रंग सगळ्यांना दिसत नाही.*

*तपासणी: सगळा अर्ज भरा, जन्मवर्ष रिकामं सोडा, अर्ज पाठवा. 'अवैध माहिती' असा संदेश आला तर नापास. 'जन्माचं वर्ष लिहा' असा आला आणि बाकीचे रकाने भरलेलेच राहिले तर पास. हेच माउस न वापरता, फक्त कळफलकावर, पुन्हा करून बघा.*

*सूट: कुणालाही नाही.*

या पद्धतीने लिहिलेले वीस नियम दोनशे पानांच्या आराखड्याला भारी पडतात.

जे जगाने आधीच ठरवलंय ते नव्याने ठरवत बसू नका. यंत्रांमधल्या देवाणघेवाणीत तारीख आयएसओ ८६०१ प्रमाणे, म्हणजे वर्ष, महिना, दिवस या क्रमाने. माणसाला दाखवताना मात्र '५ मार्च' असं अक्षरी महिन्यासह, कारण ०५-०३ ही काहींना मे महिन्याची तीन तारीख वाटते. मजकूर यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीत. सुगम्यतेसाठी, म्हणजे अपंगांनाही सेवा वापरता यावी यासाठी, डब्ल्यूसीएजी ही आंतरराष्ट्रीय नियमावली, तिची २०२३ ची २.२ ही आवृत्ती, मधली म्हणजे एए पातळी. तिच्यातल्या काही अटी तुमच्या मानकात नावानिशी उचला, म्हणजे खाती त्या शोधत बसणार नाहीत: साधा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ ला १. दाबायच्या बटणाचा आकार किमान २४ बाय २४ पिक्सेल किंवा भोवती तेवढी मोकळी जागा. वेळ संपत आली तर आधी सूचना आणि मुदत वाढवून घ्यायला किमान २० सेकंद. एकाच अर्जात एकदा लिहिलेली माहिती पुन्हा लिहायला लावायची नाही. शेवटची अट वाचली की बहुतेक खात्यांना 'कायमचा पत्ता वरीलप्रमाणेच' हा चौकोन आठवतो. चांगलंच आहे, तिथून सुरुवात करा.

जोडायच्या कागदांबद्दलही एकच नियम हवा. कुठे ५० केबीच्या आतलं जेपीजी, कुठे २०० केबीची पीडीएफ, कुठे फोटोची रुंदी पिक्सेलमध्ये. फोनवर काढलेला फोटो एवढा लहान कसा करायचा हे ज्याला येत नाही, त्याने दुसऱ्याला पैसे देऊन करून घ्यायचं का? फाइल लहान करणं सर्व्हरला सहज जमतं. तेव्हा ती मोठी असताना घ्या आणि आत लहान करा.

अर्ज क्रमांक फोनवर वाचून सांगितला जातो, कागदावर उतरवला जातो. म्हणून तो चार-चारच्या गटांत असावा, शून्य आणि ओ यांसारखी एकमेकांसारखी दिसणारी चिन्हं त्यात नसावीत आणि शेवटी एक तपास-अंक असावा, म्हणजे एक आकडा चुकला तरी यंत्र लगेच ओळखेल. आधारच्या बारा अंकांतला शेवटचा अंक हेच काम करतो. अर्जाची स्थिती दाखवणारे शब्द सगळ्या खात्यांत तेच ठेवा आणि थोडेच: मिळाला, तपासणी चालू, तुमच्याकडून माहिती हवी, मंजूर, नामंजूर. प्रत्येकाखाली आता कुणी काय करायचं आणि कधीपर्यंत, हे लिहिलेलं असावं. 'प्रलंबित' हा शब्द यादीत घेऊ नका. काम कुणाकडे अडलंय हे त्यातून कळत नाही.

आणि ज्यांचा अर्ज दुसराच कुणीतरी भरतो त्यांचा विचार पहिल्या दिवसापासून करा. केंद्रचालक, शेजारी, नातू आपला मोबाइल क्रमांक टाकतात, ओटीपी त्यांच्याकडे येतो आणि पुढचे सगळे निरोपही त्यांच्याकडेच जातात. अर्जदाराला आपला अर्ज नामंजूर झाल्याचं कळतही नाही. 'अर्ज भरायला मदत करणाऱ्याचा क्रमांक' असा वेगळा रकाना हवा, आणि स्वतःचा फोन नसलेल्याला निर्णय कागदावर मिळायची सोय हवी.

थांबवण्याचा अधिकार

ब्रिटनचा अनुभव मला या बाबतीत सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो. तिथे २०११ मध्ये गव्हर्नमेंट डिजिटल सर्व्हिस हे पथक उभं राहिलं, २०१२ मध्ये विखुरलेल्या संकेतस्थळांच्या जागी गव्ह डॉट यूके आलं, आणि २०१४ पासून सेवांना मानक लागू झालं. त्यात २६ मुद्दे होते. पुढच्याच वर्षी ते १८ झाले आणि २०१९ मध्ये १४. मानक जुनं होत जातं तसं फुगत जाणं हा नेहमीचा अनुभव. तिथे ते आटत गेलं, कारण ते रोज वापरलं जात होतं. पण ते पाळलं जाण्यामागचं कारण मुद्द्यांत नव्हतं. खर्चाच्या मंजुरीत होतं. डिजिटल कामावरचा मोठा खर्च मध्यवर्ती मंजुरीतून जायचा, आणि वर्षाला एक लाखाहून जास्त व्यवहार होणाऱ्या सेवांची तपासणी हे मध्यवर्ती पथक करायचं. तपासणीचे अहवाल सगळ्यांना वाचायला खुले असायचे.

तुमच्याकडे तेवढा अधिकार नसेल तर आहे त्यातून मिळवा. सगळ्यात जवळचा रस्ता निविदेतून जातो. मानक निविदेच्या अटींत घाला आणि शेवटचा हप्ता तपासणी पास झाल्यावरच द्या. कंत्राटदाराशी झालेल्या करारात 'संकेतस्थळ सुलभ असावं' एवढंच असेल तर तो जे देईल ते घ्यावं लागतं; तपासणीची पायरी-पायरीने लिहिलेली पद्धत करारात असेल तर वादाला जागाच राहत नाही. माहिती खुल्या स्वरूपात परत मिळण्याची अटही तिथेच घाला, नाहीतर कंत्राटदार बदलताना सगळं अडकून बसतं.

तपासणी एकदाच, शेवटी करू नका. नमुना तयार झाल्यावर एकदा, थोड्या लोकांसाठी सुरू केल्यावर दुसऱ्यांदा आणि सगळ्यांसाठी खुली करण्याआधी तिसऱ्यांदा. तपासणारे दुसऱ्या खात्यातले असावेत. त्यातून तपासणाराही शिकतो. आणि खरे अर्जदार बसवा. त्यात स्क्रीनवाचक, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणारा एकजण तरी असलाच पाहिजे. मी खात्याच्या वरिष्ठांना मागच्या खुर्चीत बसून, न बोलता बघायची विनंती करते. आपल्याच अर्जात एखादी बाई 'पुढे' हे बटण शोधत असलेली दिसते, तेव्हा मागच्या कित्येक बैठकांत न मिटलेला मुद्दा त्या दुपारी मिटतो.

सूट मागणारे येणारच आणि काहींचं म्हणणं रास्तही असतं. जुनी यंत्रणा बदलायला वेळ लागतो. सूट द्या, पण लेखी, कारणासह आणि संपण्याच्या तारखेसह. सूट मिळालेल्यांची यादी खुली ठेवा.

कागदाबरोबर तयार भाग द्या

नुसती पीडीएफ पाठवली तर प्रत्येक खातं आपापला अर्थ लावतं. तारखेचा रकाना, चुकांची यादी, पत्ता, फाइल जोडणं, पावतीचं पान, हे भाग एकदाच नीट बांधून, तपासून, कोडसकट सगळ्यांना द्या. अमेरिकेने २०१५ मध्ये आणि ब्रिटनने २०१८ मध्ये आपापल्या डिझाइन सिस्टिम, म्हणजे अशा तयार भागांचे संच, अशाच खुल्या केल्या. लहान खात्यांना हे फार उपयोगी पडतं. तिथे एकच प्रोग्रामर असतो, त्याला मानक वाचायला वेळ नसतो, पण तयार रकाना तो आनंदाने उचलतो.

सुरुवात दोन सेवांवर करा, एक मोठी गर्दीची आणि एक लहान, दुर्लक्षित. नुसत्या मोठ्या सेवेवर बेतलेलं मानक लहान खात्याला पेलत नाही. दोन्हीकडे जे नियम तपासताना अडखळलात ते पुन्हा लिहा, जे कुणालाच पाळता आले नाहीत त्यांचं कारण शोधा, आणि मगच पहिली आवृत्ती काढा. आवृत्तीला क्रमांक आणि तारीख द्या, काय बदललं ते वेगळ्या पानावर लिहा, आणि नव्या नियमाला चालू सेवांसाठी मुदत द्या. बदल सुचवायला एक पत्ता ठेवा आणि त्यावर आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर देणारा एक माणूस नेमा. हे काम त्याच्या कामाच्या यादीत लेखी असावं, आणि तो बदलून गेला तर पुढचा माणूस कोण, तेही तिथेच लिहिलेलं असावं.